ओल अशी सरळ रेषेत लागत नाही

यशवंत गेल्याचं सुजाताने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी निघाली. सुजाता ही यशवंतची मुलगी. लग्न होऊन बोरीवलीला असते, मला काका म्हणते. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली, आणि त्यावर मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. शिवी यशवंतला होती. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मुलुंडला एकाच गल्लीत राहून, तो समोरून आला की मी स्वतःच्या चपलांकडे बघत पुढे जायचो. आणि हा माणूस भांडण तसंच अर्धवट टाकून निघून गेला... मी चौथी शिकलेला माणूस आहे, जन्मभर लेथ आणि ग्राइंडर चालवला. लिहिण्याचा सराव नाही. चुका असतील त्या छापणाऱ्यांनी दुरुस्त कराव्यात. राग आहे तसा ठेवावा.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी गेलो, मागच्या सतरंजीवर बसलो. एकेक जण माईकवर येऊन सांगत होता, यशवंतराव शांत होते, कोणाला दुखवायचे नाहीत, मनमिळाऊ होते. मी बसल्या जागी दात खात होतो. शांत कसला? हट्टी होता. एखादी गोष्ट करायची म्हटली की भिंतीला डोकं लावून उभा राहील, पण मागे फिरणार नाही. आणि दुखवायचा नाही म्हणता... ज्याला दुखवायला पाहिजे होतं त्याला दुखवलं नाही, हाच त्याचा गुन्हा. तिथे बसलो होतो तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून लिहितो.

आम्ही दोघे खदानीवरच्या झोपड्यांतली पोरं. आमच्या दोघांच्या आया माणदेशातून आलेल्या, मुलुंडच्या डोंगराला खडी फोडायच्या. माझ्या आईला सगळी वस्ती बय म्हणायची. मी चौथीतून शाळा सोडली आणि वर्कशॉपला चिकटलो. यशवंत मॅट्रिक झाला, आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. शाळेचं नाव घेत नाही. पुढे त्या शाळेत कॉम्प्युटर आले. आजच्यासारखे नव्हेत. जाड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळी मशिनरी, आणि मागून वायर टीव्हीला जोडायची. बाहेरदेशी लोक ते घरात वापरायचे म्हणे. शाळेतले मास्तर त्यांना घाबरायचे. हात लावला आणि बिघडलं तर कोण बघणार... म्हणून वर प्लास्टिकची खोळ आणि दाराला कुलूप. पण धूळ पुसायला शिपाई लागतो, त्यामुळे चावी यशवंतकडे. याने एका हातात फडकं धरलं आणि दुसऱ्या हाताने डिक्शनरी लावून इंग्रजी पुस्तक वाचलं. दोन वर्षांत मास्तर त्याला येऊन विचारायला लागले, बाहेर मात्र त्याला "यशवंत, पाणी आण" म्हणायचे.

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. यशवंतने आलेखाचा कागद घेतला. आठ चौकोन आडवे, आठ उभे, त्यात काळे ठिपके भरून एकेक अक्षर बनवलं. आमच्या घरी बसून बनवायचा. "गणप्या, 'क्ष' मावत नाही रे." मी म्हणायचो, "मग सोडून दे. कोणाला लागतो 'क्ष'?" तो म्हणायचा, "तुला नसेल लागत. भाषेला लागतो." महिनाभर त्या एका अक्षराच्या मागे होता.

अक्षरं झाल्यावर त्याने काय लिहावं? माझ्या आईला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या शाळेत नेलं. बय खुर्चीवर बसली नाही, बाकावर बसली. ती बोलायची, हा दोन बोटांनी टाइप करायचा. गाव कसं सोडलं, खदानीवर कोणाच्या ओळखीने लागली, मुकादम कसे होते, कोणतं लेकरू कुठे झालं, कुठे गेलं. दीड महिना. मी तेव्हा वर्कशॉपला दोन पाळ्या करत होतो. मला ते थट्टेचं वाटायचं. एकदा जेवताना विचारलं, "बये, काय सांगते एवढं त्याला?" ती म्हणाली, "तुला न्हाई सांगायची. वाचायचं तर वाच." मला धाकटी बहीण होती, चंद्री नावाची. ती खदानीवर गेली, मी तेव्हा चारएक वर्षांचा. कशी गेली ते बयने मला कधीही सांगितलं नाही. विचारलं की उठून चुलीपाशी जायची. यशवंतला सांगितलं. माझ्या आईने माझ्या बहिणीचं मरण मला सोडून त्या मशीनला सांगितलं, आणि मी लेथवर उभा होतो... बारा फ्लॉपी भरल्या. कागदावर काहीच नाही, कारण शाळेच्या प्रिंटरला ती अक्षरं छापता येत नव्हती. मी म्हटलं, वाचू कधीतरी. दोन वर्षांनी बय गेली. तरी मी वाचलं नाही. खरं सांगतो, चौथी शिकलेल्याने शिपायाच्या समोर बसून एकेक अक्षर लावत वाचायचं, याची मला लाज वाटत होती.

शाळेने पुढे ती मशीनं भंगारात काढली. यशवंतने हातगाडी आणून तीन घरी नेली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, महिनाभर त्याच्याशी नीट बोलली नाही. एक मशीन धान्याच्या पिंपावर, दोन पलंगाखाली. त्याचं बघून त्याच्या ओळखीच्यांनी आपल्याकडची जुनी मशीनंही आणून टाकली. बरीच वर्षं ती तशीच पडून होती. तो रिटायर झाला, आणि मग लागला मागे.

त्याच सुमारास त्यांच्या बिल्डिंगची दुरुस्ती निघाली. छताचा गिलावा पडत होता, घरातलं सामान चार ठिकाणी ठेवायला दिलं. फ्लॉपींचा डबा, बिस्किटांचा असतो तसला पत्र्याचा, माझ्याकडे आला. यशवंत म्हणाला, "गणप्या, जिवापाड सांभाळ. बय आहे यात." मी म्हटलं, "माझी आई आहे, तू मला सांगतोस?" माझा स्वतःचा गाळा होता, त्यात एक लेथ आणि एक सरफेस ग्राइंडर, लोखंड घासून सपाट करायचा. काम कमी झालं होतं, ग्राइंडर बंदच असायचा. पण त्याचं टेबल मी रोज पुसायचो. सगळ्या गाळ्यात तेवढीच जागा आरशासारखी, एक कण धूळ नाही. मी डबा तिथे ठेवला. आणि कोणाचा धक्का लागून पडू नये, कोणी उचलून नेऊ नये, म्हणून लिव्हर ओढून टेबलाचं मॅग्नेट चालू केलं. घासायचं लोखंड पकडून ठेवायला ते असतं. पत्र्याचा डबा असा बसला की दोघांनी ओढला तरी हलणार नाही. महिनाभर तो तसाच होता. डबा परत नेताना मी यशवंतला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुझ्या घरात नव्हता एवढा स्वच्छ ठेवलाय." तो म्हणाला, "तुझ्यावर भरवसा आहे म्हणून तर दिला." कुठे ठेवला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग त्याने मशीनं दुरुस्त केली. फुगलेले कपॅसिटर बदलले, टीव्हीची वायर नवीन केली. फ्लॉपी फिरवणाऱ्या ड्राइव्हची एक पुली झिजली होती, ती मी पितळेची करून दिली, अगदी मापात. रोज दुपारी मी त्याच्याकडे. ते दिवस चांगले होते, हे रागातही कबूल करतो. आता मशीन चालू झालं, पण त्यातलं बाहेर कसं काढणार? आजच्या लॅपटॉपला ती फ्लॉपी जातच नाही. यशवंतने कुठूनतरी एक छोटं कार्ड मागवलं, काडेपेटीएवढं. ते जुन्या मशीनच्या मागच्या सॉकेटला लावायचं, आणि ते घरातलं वायफाय पकडतं. मी विचारलं, "हे काय करणार?" तो म्हणाला, "हा दुभाष्या. या म्हाताऱ्याला आजच्या नेटवर्कचं बोलणं कळत नाही, आणि नेटवर्कला याचं कळत नाही. हा मधे बसून दोघांना सांगणार." शाळेची तिन्ही मशीनं त्याने तसल्याच कार्डांनी एकमेकांना जोडली, वर लॅपटॉप जोडला. यातली फाइल त्यात, त्यातली यात. त्याच्या ठिपक्यांच्या अक्षरांचा तक्ता करून आजच्या अक्षरांशी जुळवला, म्हणजे इथे लिहिलेलं बोरीवलीला सुजाताला वाचता येईल. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने एक ओळ टाइप केली आणि तिला फोन लावला.

"आलं का काही?"

"आलं बाबा. 'गणप्या येडा आहे' असं आलंय. काका तिथेच आहेत का?"

मी ओरडून सांगितलं, "आहे. आणि त्याला विचार, गल्लीत सगळ्यांना ठाऊक असलेलं पाठवायला एवढा खटाटोप कशाला?"

तिघेही हसलो. वहिनीने शिरा केला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने बयची पहिली फ्लॉपी घातली.

मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं. दुसरी घातली, तेच. तिसरी. बाराव्या फ्लॉपीपर्यंत यशवंतच्या कपाळावर घाम आला होता. फ्लॉपी उजेडात धरून तो म्हणाला, "ओल लागली असेल रे. गिलावा पडत होता तेव्हा..." मी उठलो. मी काय काय बोललो ते त्याच्या भिंतींनी ऐकलंय. माझी आई तू भंगारात कुजवलीस. तुझ्या हौसेपायी गेली. शिपाई तो शिपाईच राहिलास. हे शेवटचं बोललो नसतो तर बरं झालं असतं... वहिनी मधे पडली. मी म्हटलं, "तू टाइप केलंस ना? मग तुला आठवत असेल. चंद्रीचं सांग." तो खाली बघून म्हणाला, "बयने मला वचनात बांधलंय. तोंडी सांगायचं नाही. ती म्हणाली, त्याला वाचायला लाव, माझ्या शब्दात." मी म्हटलं, "मग मर तुझ्या वचनात," आणि निघालो.

साताठ महिन्यांनी तो एकदा आमच्या दारात आला होता. मी जाळीच्या दाराआडून बघितलं. हातात कागद होते. "गणप्या, थोडं मिळालंय. जेवढं आहे तेवढं वाच. बाकीचं मी तोंडी सांगतो. बयची माफी मी मागेन." मी आतलं दार लोटलं. तो बराच वेळ उभा असावा. मग चपला जिन्यावरून खाली गेल्या. परत आला नाही. यशवंता, एकदाच आलास? 'क्ष'च्या मागे महिनाभर लागलास, माझ्या दारात दुसऱ्यांदा यायला तुला काय झालं होतं?

विहारातला कार्यक्रम संपल्यावर सुजाता म्हणाली, "काका, घरी चला. तुम्हाला दाखवायचंय." मी सहा वर्षांनी त्या खोलीत गेलो. मशीनं तशीच, मागे ती कार्डं, त्यांचे बारके दिवे लुकलुकत होते. सुजाताने लॅपटॉप उघडला. बयची फाइल. बाबा रोज थोडं थोडं काढायचे, ती म्हणाली. पूर्ण फाइल उघडत नव्हती, म्हणून फ्लॉपीचा एकेक बारका तुकडा वाचायचा, पुन्हा पुन्हा वाचायचा, मिळाला की नेटवर्कवरून लॅपटॉपवर टाकायचा. बोरीवलीला बसून ती ते तुकडे जोडायची. मी वाचायला लागलो. हळू वाचतो, पण वाचतो. माझी आई बोलत होती. चार ओळी, मग मोकळी जागा, आणि तिथे यशवंतने लिहिलेलं, 'इथे ओल लागली.' परत पाच ओळी, परत 'इथे ओल लागली.' मी विचारलं, "गेलेल्या जागा त्याने आठवून का नाही भरल्या?" ती म्हणाली, "बाबा म्हणायचे, आजीचे शब्द नसतील तर जागा रिकामीच बरी."

लॅपटॉपशेजारी एक फाइल होती, पुठ्ठ्याची. त्यात आलेखाचे कागद, बारा. प्रत्येकावर एक गोल काढलेला. फ्लॉपीचा जो भाग वाचता आला तो पांढरा, जो गेला तो पेन्सिलने काळा केलेला. मी एक कागद बघितला, दुसरा बघितला, मग सगळे जमिनीवर मांडले. बाराही गोलांची एक बाजू कापल्यासारखी काळी, आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधे रेघ सरळ. पट्टीने मारावी तशी. बाराही कागदांवर एकाच उंचीला. फ्लॉपी डब्यात उभ्या होत्या. गेलं ते सगळं तळाकडून गेलं.

मी पन्नास वर्षं ग्राइंडरवर काम केलंय. मॅग्नेटचा जोर टेबलापासून किती वर पोचतो ते मला सांगायला कोणी लागत नाही. आणि फ्लॉपी ही टेपच्या कॅसेटचीच जात, मॅग्नेट लागलं की त्यातलं पुसतं. मी म्हटलं, "सुजाता, ओल अशी सरळ रेषेत लागत नाही गं."

ती कागद गोळा करायला लागली.

"यशवंतला कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी नाही, काका. हे कागद काढल्यावर कळलं. माझ्या तोंडून तुम्हाला कळता कामा नये, अशी शपथ घातली होती. म्हणाले, गणप्याने आईला सगळ्यात स्वच्छ जागी ठेवली होती. त्याला कळलं तर तो जगायचा नाही."

जगायचा नाही... कोण म्हणतो? हे ठरवणारा तो कोण? मी काय लहान पोर होतो? एवढी वर्षं गल्लीत मी त्याला भंगारवाला म्हणत फिरलो, लोकांसमोर पाठ फिरवली, आणि हा माझा गुन्हा पोटात ठेवून भाजी घेऊन घरी जात होता. मला दया दाखवली त्याने. जन्मात मी कोणाची दया घेतली नाही, आणि ज्याला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या त्यानेच ती माझ्या नकळत माझ्या अंगावर घातली. एकदा रस्त्यात माझी गचांडी धरून म्हणाला असता, "गाढवा, तू मॅग्नेट लावलंस," तर मी त्याच्या पाया पडलो नसतो, तसला मी नाही, पण घरात घेतला असता. चंद्रीचं विचारलं असतं. तो सांगणारच होता.

कारण चंद्रीच्या पानाचं असं आहे. सुजाताने ते मला वाचून दाखवू का विचारलं, मी नको म्हटलं, स्वतः वाचलं. बय सांगते: "चंद्री दीड वर्साची व्हती. पाटीत निजवायची, पाटी करंजाच्या सावलीला. गणपत राखनीला. त्या दिशी सुरुंग लावायचा व्हता. मुकादमानं शिट्टी मारली, समदी पळाली. म्या गणपतला हाताला धरलं आन्". मग 'इथे ओल लागली.' आणि त्याच्यानंतर: "म्हून गणपतला कधी सांगितलं न्हाई. त्यो बारका व्हता. त्याचा काय दोस."

माझा काय दोष? काय केलं मी? मी तिला सोडून पळालो? की बयला एकच हात मोकळा होता आणि तिने मला धरलं? मधल्या त्या ओळी माझ्या आईने सांगितल्या, यशवंतने टाइप केल्या, आणि मी त्या ग्राइंडरच्या टेबलावर ठेवून पुसल्या. एक माणूस त्या ओळी डोक्यात घेऊन माझ्या दारात आला होता. आता तोही नाही.

त्या दिवशी मी सुजाताला म्हटलं, "ते 'ओल लागली' काढ. खोटं आहे. बयच्या हकिकतीत खोटं नको."

"काका, ही फाइल वस्तीतल्या सगळ्यांच्या पोरांकडे जाणार आहे. बाबांनी ती नेटवर्कवर सगळ्यांना उघडी ठेवलीय. लोक वाचतील."

"वाचण्यासाठीच लिहिलीय ना?"

"मग मी इथून बदलते. एका मिनिटात सगळ्या जागी होईल."

"तू नाही. मी बदलणार. आणि त्या लॅपटॉपवर नाही."

तेव्हापासून दर दोन दिवसांनी मी यशवंतच्या खोलीत जातो. वहिनी दार उघडते, चहा ठेवते, जास्त बोलत नाही. तिचा राग गेलेला नाही, आणि जाऊही नये. मी त्याच्या जुन्या मशीनसमोर बसतो. कीबोर्डच्या बटणांवर त्याने कागदाचे चौकोन चिकटवलेत, त्यावर त्याच्या हाताने लिहिलेली अक्षरं. काही पिवळी पडलीत, 'य' आणि 'ब' तर पार पुसट झालेत. एका बोटाने शोधत शोधत दाबतो. माझं बोट लेथवर काम करून जाड झालेलं, एकाच्या जागी दोन बटणं दाबली जातात, मग खोडून परत. एक ओळ लिहायला पाव तास जातो. 'इथे गणपतने मॅग्नेट लावलं.' पुढची जागा. 'इथे गणपतने मॅग्नेट लावलं.' लिहिताना त्याला शिव्या देतो, मोठ्याने. वहिनी आतून ऐकते, थांबवत नाही.

परवा चंद्रीच्या पानापर्यंत आलो. तिथे तेवढंच लिहिणं पुरेना. बसून राहिलो. मग तीन ओळी लिहिल्या, दुपार गेली त्यात. 'इथे गणपतने मॅग्नेट लावलं. इथे काय होतं ते यशवंतला माहीत होतं. तो सांगायला आला तेव्हा गणपतने दार उघडलं नाही.' शेवटचं बटण दाबलं, कार्डाचा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने सुजाताचा बोरीवलीहून फोन आला.

"काका, आलं इकडे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ठेवू का हे असंच?"

म्हटलं, "ठेव. आणि तुझ्या बापासारखी मला सांभाळून घेऊ नकोस."